मासे सोडले, दूध सोडले, तरी वजन परत का आले?

प्रश्न : मी वेंगुर्ले तालुक्यात राहते. वय ४७, उंची १५६ सेंटिमीटर. आमचे घर मासळी खाणारे. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे सांगितले, तेव्हा मी मासे, मटण आणि अंडी बंद केली. काही महिन्यांनी दूधही सोडले. पहिल्या वर्षात वजन ७४ किलोवरून ६६ वर आले. त्यानंतर ते हळूहळू वाढत गेले आणि आता ७१ आहे. मी काहीही चोरून खात नाही. सकाळी घावणे किंवा पोहे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. दुपारी भात, वाटपाची उसळ किंवा बटाट्याची भाजी आणि सोलकढी. संध्याकाळी कोऱ्या चहाबरोबर टोस्ट किंवा फणसाचे तळलेले गरे. रात्री पुन्हा भात आणि आमटी. प्रथिने मिळावीत म्हणून रोज दोन मुठी काजू खाते. घरात चौघांच्या स्वयंपाकाला रोज एक नारळ फुटतो. जेवणात मिठागरातले खडे मीठच वापरतो. अलीकडे पायांना मुंग्या येतात आणि दम लवकर लागतो. घरातले म्हणतात की कोकणातल्या माणसाला मासळीशिवाय मानवत नाही, पुन्हा मासे सुरू कर. माझा हट्ट चुकीचा आहे का?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

वजनाकडे वळण्याआधी पायांच्या मुंग्यांविषयी लिहिणे भाग आहे, कारण पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व मासे, अंडी, मांस आणि दूध यांतूनच पुरेसे मिळते; भाजी, कडधान्य, नाचणी किंवा नारळ यांत ते भरवशाचे नसते. यकृतात त्याचा साठा असतो आणि तो काही वर्षे पुरतो, त्यामुळे प्राणिज पदार्थ सोडल्यावर सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि कमतरतेची लक्षणे तीन-चार वर्षांनी डोके वर काढतात. तुम्ही नेमक्या त्याच टप्प्यावर आहात. ही कमतरता फार काळ राहिली तर मज्जातंतूंची हानी कायमची होऊ शकते. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी जाऊन बी-१२ आणि हिमोग्लोबिनची तपासणी लगेच करून घ्यावी आणि डॉक्टर सांगतील त्या मात्रेत गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्या औषधानेही बी-१२ कमी होते. पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्या माणसाने बी-१२ची गोळी आयुष्यभर घ्यायची असते. या आहाराचे कडवे समर्थक असलेले डॉक्टरही याबाबतीत सवलत देत नाहीत.

त्याच तपासणीत थायरॉइडही पाहून घ्यावे. शिरोड्याच्या मिठागरांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात त्या गावाचे नाव आहे. परंतु मिठागरातून थेट घरात येणाऱ्या खड्या मिठात आयोडीन मिसळलेले नसते. जोवर ताटात समुद्राची मासळी होती तोवर आयोडीनची काही भरपाई तिच्यातून होत होती. आता मासळीही नाही आणि दूधही नाही. आयोडीन कमी पडले तर थायरॉइड मंदावू शकते, आणि मंदावलेल्या थायरॉइडमुळे थकवाही येतो आणि वजनही थोडे चढते. तेव्हा निदान तुमच्या जेवणापुरते तरी आयोडीनयुक्त मीठ वापरावे आणि खडे मीठ लोणच्यासाठी ठेवावे.

आता वजन. तुम्ही ते परत आल्याचे लिहिता, पण आकडे वेगळे सांगतात. आठ किलो उतरले, पाच परत आले, म्हणजे चार वर्षांनंतरही तुम्ही सुरुवातीपेक्षा तीन किलो खाली आहात. शिवाय या चार वर्षांत काहीच केले नसते तर वजन ७४ वर थांबले नसते. मध्यम वयात बहुतेकांचे वजन दरवर्षी थोडे थोडे वाढत जाते. ब्रिटनमध्ये एपिक-ऑक्सफर्ड नावाच्या मोठ्या अभ्यासात सुमारे २२,००० स्त्री-पुरुषांची वजने पाचेक वर्षांच्या अंतराने पाहिली गेली, तेव्हा सरासरी वाढ वर्षाला सुमारे ४०० ग्रॅम निघाली. तो हिशेब तुम्हाला लावला तर आज तुम्ही साडेपंचाहत्तरच्या आसपास असता. म्हणजे खरा फरक साडेचार किलोंचा आहे. हा अंदाजच आहे, मान्य. पण ‘सगळे फुकट गेले’ या भावनेपेक्षा तो सत्याच्या जवळ आहे, आणि त्या भावनेतून माणसे चांगली सवय सोडून देतात म्हणून तो आधी मांडला.

वजन परत चढण्यामागे शरीराचा स्वतःचा हात मोठा असतो. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीर रोजचा खर्च वीस-तीस कॅलरींनी कमी करते आणि भूक मात्र सुमारे शंभर कॅलरींनी वाढवते, असा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात काढला गेला. आठ किलो उतरवलेल्या तुम्हाला ही भूक किती ओढत असेल याची कल्पना करा. त्यामुळेच कोणत्याही आहारपद्धतीत वजन साधारण सहा ते बारा महिने उतरते, मग थांबते आणि नंतर हळूहळू वर सरकू लागते. मनोनिग्रहाने अशा भुकेशी वर्षानुवर्षे लढता येत नाही. ताटात पोट भरणारे पण उष्मांक कमी असलेले अन्न जितके जास्त, तितकी ही लढाई सोपी जाते, आणि वनस्पतीजन्य आहाराचा वजनाशी जो संबंध आहे तो बराचसा इथेच आहे.

या संबंधाविषयी अभ्यास काय सांगतात ते नीट समजून घ्यावे, कारण त्यांतले अर्धेच सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. अमेरिका आणि कॅनडातील ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या ६०,००० हून अधिक लोकांच्या माहितीवरून २००९ साली जे निष्कर्ष आले, त्यांत मांसाहार करणाऱ्यांचा सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २८.८ होता, मासे खाणाऱ्यांचा २६.३, दूध-अंडी घेणाऱ्या शाकाहारींचा २५.७ आणि कोणताही प्राणिज पदार्थ न घेणाऱ्यांचा २३.६. हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. पण हे एका वेळचे चित्र आहे, आणि ज्यांनी सगळे प्राणिज पदार्थ सोडले ते इतरही अनेक बाबतींत वेगळे जगत असणार. काळाबरोबर काय होते हे पाहायला एपिक-ऑक्सफर्डकडेच परत जावे लागते. तिथे पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांचीही वजने वाढलीच, फक्त वर्षाला सुमारे ३०० ग्रॅमने, म्हणजे सरासरीपेक्षा शंभरेक ग्रॅम कमी. सर्वांत कमी वाढ त्या लोकांची झाली ज्यांनी त्या पाच वर्षांत प्राणिज पदार्थ कमी करण्याच्या दिशेने आहार बदलला. म्हणजे फायदा खरा आहे, दीर्घकाळाचा आहे, पण तो संथ आणि लहान आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवली. अमेरिकेतील १,२०,८७७ लोकांवर आधारलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दर चार वर्षांत सरासरी दीड किलो वजन वाढलेले दिसले, आणि त्या वाढीशी ज्या पदार्थांचा संबंध सर्वाधिक होता त्यांत पहिले नाव होते बटाट्याच्या वेफर्सचे. त्यानंतर बटाटा, आणि गोड शीतपेयेही त्याच पंगतीत. वजन कमी वाढण्याशी ज्यांचा संबंध दिसला ते भाज्या, अख्खी धान्ये, फळे, सुकामेवा आणि दही. पुढे २०१९ साली त्याच संस्थेतील संशोधकांनी सव्वा लाखाहून अधिक लोकांच्या आहाराला दोन वेगळ्या मापांनी मोजले : अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे यांवर उभा असलेला वनस्पतीजन्य आहार आणि मैदा, साखर, बटाटा, गोड पेये यांवर उभा असलेला वनस्पतीजन्य आहार. पहिल्याकडे वळलेल्यांचे वजन कमी वाढले, दुसऱ्याकडे वळलेल्यांचे अधिक. दोन्ही ताटांत मासा नव्हता की मांस नव्हते असे समजा, तरी हाच फरक पडला असता. टोस्ट वनस्पतीजन्य आहे, फणसाचे तळलेले गरे वनस्पतीजन्य आहेत आणि साबुदाण्याची खिचडीही वनस्पतीजन्य आहे. मासे वर्ज्य केल्याने वजन राखले जात नाही. माशाच्या जागी ताटात काय आले त्याने ते राखले जाते किंवा बिघडते. तुमच्या पत्राला माझे एका वाक्यातले उत्तर हेच आहे, आणि पुढे जे लिहिते आहे ते त्याचाच तपशील आहे.

न्यूझीलंडमधील गिस्बर्न या शहरात झालेला एक प्रयोग इथे सांगण्याजोगा आहे, कारण तो तुमच्या परिस्थितीला बराच लागू पडतो. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण ६५ स्थूल किंवा जास्त वजनाच्या लोकांपैकी निम्म्यांना अख्ख्या वनस्पतीजन्य अन्नाचा आहार दिला गेला. कॅलरी मोजायच्या नव्हत्या, पोटभर जेवायचे होते, बी-१२ची गोळी मात्र होती. सहा महिन्यांत त्यांचा बीएमआय सरासरी ४.४ अंकांनी उतरला आणि वर्षअखेरीसही ४.२ अंकांनी खाली होता. पण त्यांना तेल टाळायला सांगितले होते, आणि काजूगरासारखे स्निग्ध पदार्थ कमीच खायला सांगितले होते. तुम्ही मासे सोडलेत ते काजू आणि नारळ यांच्या आधारावर. ही तुलना थोडी अवघड वाटेल, पण ती टाळून पुढे जाता येत नाही.

नारळाविषयी लिहिताना मला जपून लिहावे लागते, कारण खोबरे हा आपल्याकडे स्वयंपाकाचा पायाच आहे आणि त्याला शत्रू ठरवणारा सल्ला कोकणात कोणी चार दिवसही पाळणार नाही. तसा सल्ला द्यायची इच्छाही नाही. फक्त हिशेब पाहा. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३५० कॅलरी आणि तेहतीसेक ग्रॅम स्निग्धांश असतो. मध्यम नारळात साधारण तीनशे ते चारशे ग्रॅम खोबरे निघते, म्हणजे रोजच्या एका नारळातून हजार-बाराशेहून अधिक कॅलरी चौघांच्या जेवणात जातात. तुमच्या वाट्याला पाव नारळ आला तरी तीनशे कॅलरी झाल्या; आणि माझा कयास असा आहे की तो पाव राहत नसेल, कारण घरातले इतर तिघे मासळीच्या कालवणावर जेवतात आणि चटणी, वाटपाची उसळ, सोलकढी ही तिन्ही तुमच्याच पानात एकत्र येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली दिलेल्या आहार-मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या दिवसाला तेल-तुपासाठी २७ ग्रॅमची मर्यादा आहे. पाव नारळातला स्निग्धांशच त्याच्या जवळ जातो, आणि फोडणीचे व तळणाचे तेल अजून बाजूलाच आहे.

उपाय सोपा आहे आणि तो आपल्याच स्वयंपाकघरातला आहे. एका दिवसात खोबऱ्याचा एकच पदार्थ पानात घ्यावा. उसळीत वाटप असेल त्या दिवशी सोलकढीऐवजी फुटी कढी करावी. कोकमाचे आगळ, पाणी, ठेचलेली लसूण, मिरची आणि कोथिंबीर एवढ्यात ती होते, तिच्यात नारळाचे दूध नसते आणि जेवणाला चव मात्र तितकीच येते. सकाळी चटणी खाल्ली असेल तर दुपारी कुळथाची पिठी करावी, जिला खोबरे लागतच नाही. वाटप भाजून केले तर कमी खोबऱ्यात चव येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. शहाळ्याचे पाणी हा वेगळा विषय आहे, त्यात उष्मांक फार थोडे असतात. उन्हाळ्यात ते खुशाल प्यावे.

काजूंबाबत थोडे अधिक स्पष्ट लिहिते. प्रथिनांसाठी काजू खाणे हा हिशेबाने तोट्याचा व्यवहार आहे. दोन मुठी, म्हणजे साधारण साठ ग्रॅम काजूंत साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि प्रथिने अकरा-बारा ग्रॅम. तेवढ्याच कॅलरींचे कुळीथ शिजवले तर प्रथिने बावीस-तेवीस ग्रॅम मिळतात, शिवाय तंतुमय पदार्थ भरपूर, आणि पोट कितीतरी अधिक वेळ भरलेले राहते. सुकामेव्याचा संबंध वजन कमी वाढण्याशी दिसतो हे मी वरच लिहिले आहे, त्यामुळे काजू बंद करा असे सांगत नाही. दहा-पंधरा काजूगर मोजून वाटीत काढावेत आणि डबा परत फळीवर जावा. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ होते तेव्हा त्या दिवशी कोरडे काजू नकोत.

प्रथिनांचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तुमच्या ताटातली मोठी उणीव तीच असावी असे मला वाटते. एक मध्यम बांगडा पानात असला तर अठरा-वीस ग्रॅम प्रथिने येत. त्याच्या जागी बटाट्याची भाजी आली की दोनच ग्रॅम येतात, आणि पोट भरायला भाताची दुसरी वाढप लागते. शरीर प्रथिनांची गरज भागेपर्यंत भूक चालू ठेवते असे मानणारे संशोधक आहेत. ते पूर्ण सिद्ध झालेले नसले तरी प्रथिने पुरेशी असली की माणूस कमी खातो हा अनुभव सार्वत्रिक आहे. शिवाय चाळिशीनंतर स्नायू झिजत जातात, आणि वजन उतरताना ते अधिक झिजतात. आपल्याकडील शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. तुम्ही रोज ५५ ते ६० ग्रॅम धरून चालावे. वर उल्लेखलेल्या मार्गदर्शनात कडधान्ये आणि डाळी दिवसाला ८५ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलीलीटर धरले आहे. दूध तुम्ही सोडले आहे, म्हणून कडधान्य शंभर ते सव्वाशे ग्रॅमपर्यंत, कोरडे मोजून, दिवसभरात जायला हवे. रात्रीची पातळ आमटी हे कडधान्य नव्हे. दोन्ही वेळा वाटीभर घट्ट उसळ, वरण किंवा पिठी हवी. काळे वाटाणे, कुळीथ, चवळी, कडवे वाल, मसूर, मूग यांतले रोज एक घेतले तरी आठवडा सहज निघतो. गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी असे ताट आपल्याकडे होते, ते एरवीही का होऊ नये? त्या एका ताटात कडधान्यही आहे आणि पालेभाजीही.

भाताचे वैर धरू नये, प्रमाण मात्र धरावे. एकूण उष्मांकांपैकी धान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नयेत अशी शिफारस आहे, आणि दिवसातून तीनदा तांदूळ येणाऱ्या ताटात तो आकडा केव्हाच ओलांडला जातो. घावणे हाही तांदूळच, पोहेही तांदूळच. एका वेळचा तांदूळ नाचणीला द्यावा. नाचणीत तंतुमय पदार्थ पांढऱ्या तांदळाच्या तिप्पट-चौपट असतात आणि शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. दूध गेले आणि काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळीही गेली, त्यामुळे हे कॅल्शियम तुमच्यासाठी ऐच्छिक राहिलेले नाही. रात्री उकड्या तांदळाची पेज घेतली तर तेवढ्याच समाधानात तांदूळ निम्मा लागतो, कारण पोट पाण्यानेही भरते. तिच्याबरोबर लोणच्याऐवजी उसळ घ्यावी. दुपारी भात वाढण्याआधी भाजी आणि उसळ पानात यावी, आणि भाताची जागा उरेल तेवढीच असावी.

भाज्यांची शिफारस दिवसाला ४०० ग्रॅमची आहे. तुमच्या पत्रात दिवसभरात बटाट्याखेरीज भाजीचा उल्लेखच नाही, हे वाचून मला वाईट वाटले, कारण कोकणच्या पावसाळ्यात परड्यात आणि बांधावर जे उगवते ते विकत घ्यावे लागत नाही : टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू, शेवग्याचा पाला. शिजवलेल्या पालेभाजीच्या शंभर ग्रॅममध्ये तेल बेताचे असेल तर पन्नास-साठ कॅलरी, भातात सुमारे १३०, तळलेल्या गऱ्यांत पाचशेच्या घरात. पोटाला अन्नाचे वजन कळते, कॅलरी कळत नाहीत. कच्च्या फणसाची भाजी, केळफूल, पडवळ, दोडके, भोपळा यांनी ताटाचा निम्मा भाग भरला तर तुम्हाला कॅलरी मोजण्याची गरजच राहणार नाही. फळांबाबत एवढेच, की पिकलेला आंबा आणि फणसाचे गरे जेवणानंतर न खाता जेवणाच्या एखाद्या भागाच्या बदल्यात खावेत, आणि साखर वाढलेली असेल तर एका वेळी अर्धा आंबा पुरे.

टोस्ट, खारी, फरसाण आणि अलीकडे मुंबईहून येणारे सोयाचे तयार गोठवलेले पदार्थ यांवर वेगळे लिहावेसे वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ साली वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे घरगुती पद्धतीचे अन्न दिले गेले. दोन्ही आहारांत साखर, स्निग्धांश, तंतुमय पदार्थ समोर ठेवताना सारखेच होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलोने वाढले. तेव्हा पाकिटावर हिरवा ठिपका आहे की नाही हे पाहून वजनाचा निर्णय करू नये. संध्याकाळच्या कोऱ्या चहाबरोबर भाजलेले चणे, उकडलेली रताळी किंवा वाफवलेले शेंगदाणे मूठभर घ्यावेत. चहात साखर किती, हे तुम्ही लिहिलेले नाही. ती दोन कपांत मिळून एक चमच्याच्या वर नसावी.

ऋतूंकडेही लक्ष द्यावे. मे महिन्यात पाहुणे, आंबे, फणस. श्रावणात उपासाचे तळण. गणपतीत मोदक आणि घरोघरचे नैवेद्य. मग दिवाळीचा फराळ, जत्रांतले खाजे. अमेरिकेत सणांच्या दिवसांत माणसे सरासरी अर्ध्या किलोहूनही कमी वाढतात, पण ते वजन पुढे वर्षभर उतरत नाही, असे एका अभ्यासात दिसले आहे. दरवर्षी एवढे साठले तरी तुमच्या तीन वर्षांतल्या वाढीचा काही भाग त्यात बसतो. मोदक खाऊ नका असे मी गणपतीच्या घरी कधी सांगणार नाही. ज्या दिवशी मोदक, त्या दिवशी भात नको. आणि विसर्जनानंतर उरलेल्या करंज्या डब्यात राहू नयेत, वाटून टाकाव्यात.

अपेक्षा किती ठेवावी? आपल्या लोकांसाठी बीएमआय २३च्या वर गेला की वजन जास्त धरतात आणि २५च्या वर स्थूलता. तुमचा २९च्या आसपास आहे. पण २३ गाठायचा म्हणजे पंधरा किलो उतरवायचे, आणि ते ध्येय ठेवले तर पुन्हा निराशाच पदरी येईल. आजच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलो, सहा महिन्यांत उतरवावे आणि पुढची दोन वर्षे तिथेच राहावे. एवढ्यानेही रक्तातली साखर सुधारते, आणि तुमचा मूळ हेतू तोच होता. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, वर्षातून दोनदा पाहावी. वजन आठवड्यातून एकदाच करावे, आणि कंबरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. पाळी थांबण्याच्या वयात चरबी पोटाकडे सरकते, त्यामुळे काटा स्थिर असतानाही हा घेर बोलतो. दम लागण्याचे कारण तपासणीत कळल्यावर रोज अर्धा-पाऊण तास चालणे आणि आठवड्यातून दोन दिवस उठाबशा किंवा वजन उचलण्याचा व्यायाम सुरू करावा. विहिरीवरून पाणी आणणे, भातशेतीत वाकणे कमी झालेले असेल तर त्या श्रमांची जागा कशाने तरी भरायला हवी.

शेवटी मासे. वजनाच्या दृष्टीने मासे खाणारे आणि शाकाहारी यांच्यात अंतर थोडेच असते, हे वरच्या आकड्यांतही दिसते. तुम्ही दया, श्रद्धा किंवा मनाच्या शांतीसाठी मासे सोडले असतील तर वजनासाठी ते पुन्हा सुरू करण्याचे काहीही कारण नाही; आणि कोकणी माणसाला त्याविना मानवत नाही हेही खरे नाही, कारण वाल, कुळीथ आणि नाचणीवर राहिलेली निरामिष घरे याच किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या आहेत. पण तुम्ही ते केवळ वजनासाठी सोडले असतील आणि मनातून आठवण येत असेल, तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खाल्ल्याने तुमचा आहार मोडत नाही. त्यातून प्रथिने मिळतील, ओमेगा-३ हे उपयुक्त स्निग्धाम्ल मिळेल आणि बी-१२चीही थोडी भर पडेल, तरी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. मासा तिखल्यात किंवा कालवणात असावा. रव्यात घोळवून तळलेली तुकडी वजनाला जड जाते. हा निर्णय तुमचा आहे, घरातल्यांचा नव्हे. मासे न खाण्याचेच ठरले तर ओमेगा-३साठी रोज एक चमचा जवस भाजून, कुटून भाजीत किंवा भाकरीच्या पिठात घालावे, आणि घरातल्यांसाठी उसळीला वाटप लावण्याआधी तुमची वाटी बाजूला काढून ठेवावी.